सुट्या भागांची सचोटी

माणसाच्या हातून घडणारी बहुतेक असत्ये वाणीने घडतात, आणि ऐकणाऱ्याला निदान संशय घेण्याची संधी तरी असते. बोलणाऱ्याचा चेहरा, त्याचा स्वर, त्याचा पूर्वीचा लौकिक यांवरून आपण त्याच्या शब्दाची पारख करतो. परंतु जे असत्य वस्तूचे रूप घेऊन घरात येते, दुसऱ्याचे नाव कपाळावर छापून खोक्यात बसून येते आणि मग गाडीच्या पोटात चार बोल्टांच्या आड कायमचे दडून बसते, त्याला प्रश्न कोण विचारणार? मोटारीच्या नकली सुट्या भागांचा विषय वरवर पाहता बाजाराचा, फार तर पोलिसांचा वाटतो; देवालयाच्या पत्रिकेत त्याचे काय काम, असेही एखादा वाचक म्हणेल. परंतु जेथे विकणारा, बसवणारा आणि वापरणारा या तिघांनाही थोडेथोडे ठाऊक असते आणि तिघेही थोडाथोडा डोळा मिटतात, तेथे तो विषय केवळ बाजाराचा राहत नाही. तो नीतीचा होतो. म्हणून त्याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

अलीकडे गाडीची किरकोळ देखभाल घरच्या घरी करण्याकडे अनेकांचा कल झाला आहे. इंजिनातील तेल बदलणे, ऑइल फिल्टर नवा लावणे, स्पार्क प्लग पाहणे, इतकेच काय पण ब्रेक पॅड बदलणे हेसुद्धा हौशी माणूस रविवारच्या सकाळी अंगणात करतो. भाग घरपोच येतो आणि कृती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहावयास मिळते. हे स्वावलंबन निंद्य तर नाहीच, उलट कौतुकास्पद आहे. बेळगावच्या माणसाला तर यंत्राचे वावडे कधीच नव्हते. उद्यमबागेतील ओतशाळांत आणि यंत्रशाळांत ज्यांच्या घरच्या पिढ्या राबल्या, त्यांना लोखंडाचा कस काय असतो हे निराळे सांगावयास नको. परंतु स्वतःच्या हाताने काम करणारा मनुष्य एक गोष्ट विसरतो. मिस्त्रीने भाग बसवला असता काही वावगे झाले, तर दोष द्यावयास मिस्त्री तरी असतो. आपणच भाग निवडला, आपणच तो बसवला, तर कर्तेपण सर्वस्वी आपल्याकडे येते. पारख करण्याचे जे काम पूर्वी दुसरा करीत असे, तेही आता आपल्याच वाट्याला आलेले असते.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे, कारण गॅरेजच्या बोलीत ‘ओरिजिनल’, ‘लोकल’ आणि ‘डुप्लिकेट’ हे तीन शब्द वाटेल तसे फिरतात. गाडीच्या कंपनीच्या नावाने येणारा भाग हा एक प्रकार. तोच भाग बनवणाऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने विकलेला भाग हा दुसरा. तिसऱ्याच एखाद्या कारखान्याने त्याच मापाचा बनवून स्वतःच्या नावाने, कमी किमतीला बाजारात आणलेला पर्यायी भाग हा आणखी एक. या तिन्हींमध्ये गुणांचा फरक असेल, टिकाऊपणाचा असेल, किमतीचा तर असतोच. परंतु तिघेही आपले खरे नाव सांगतात. चौथा प्रकार मात्र जातीनेच वेगळा आहे. तो बनवतो एक आणि नाव लावतो दुसऱ्याचे. स्वस्त असणे हा दोष नव्हे; दुसऱ्याच्या नावावर जगणे हा दोष होय. जो कारखानदार आपल्या नावाने साधा भाग विकतो, त्याला उद्या त्या नावाचा जाब देता येतो. नकली भाग बनवणाऱ्याने मात्र जाब देणारे तोंडच आधी झाकून घेतलेले असते. हा भेद नीट ध्यानात ठेवला नाही, तर आपण गरिबाच्या काटकसरीला पाप ठरवू आणि लबाडाच्या लबाडीला काटकसर म्हणू.

आता या असत्याची किंमत काय पडते ते पाहू. आपल्या ओळखीच्याच वाटेचे उदाहरण घ्यावे. बेळगावाहून गोव्याकडे जाताना चोर्ल्याचा घाट उतरावा लागतो. प्रवाशांसह बाराशे किलो वजनाची मोटार पाचशे मीटर उंची उतरून खाली आली, तर तिच्या ठायी साठलेली सुमारे ५९ लक्ष ज्यूल इतकी शक्ती कोठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेने साधारण अठरा लिटर थंड पाणी उकळीला येईल. यातील काही भाग इंजिन आणि वारा रोखून धरतात. उरलेला सारा ब्रेकच्या चकत्या आणि त्यांना घासणारे पॅड यांच्या अंगावर पडतो. पॅडमधील मिश्रण, त्याला बांधून ठेवणारी राळ आणि पाठीमागच्या पत्र्याशी असलेली त्याची पकड, ही सर्व या तापाला टिकतील अशी तयार केलेली असावी लागतात. नकली पॅडही रंगाने काळाच असतो, मापाने बरोबर बसतो, आणि गावातल्या रस्त्यावर, बाजारातून घरी येईपर्यंत, ब्रेकही लावतो. त्याची परीक्षा अंगणात होत नाही. ती घाटात, पाचव्या-सहाव्या वळणावर, मागच्या आसनावर मुले झोपलेली असताना होते.

ब्रेकच्या तेलाचीही हीच कथा. डॉट तीन या दर्जाच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सियस असला पाहिजे आणि डॉट चारचा २३० अंश, असे प्रमाण ठरलेले आहे. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि ओलावा शिरला की तोच बिंदू अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत उतरला तरी चालेल, एवढीच सूट प्रमाणात ठेवली आहे. त्याखाली गेलेले तेल तापले म्हणजे त्याची वाफ होते; वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून ब्रेकचा पायदान पायाखाली मऊ लागतो, खाली जातो आणि गाडी मात्र थांबत नाही. बाटलीवर छापलेला आकडा हा केवळ आकडा नसून कोणीतरी कोणाला दिलेले वचन असते. खोट्या बाटलीवर तेच वचन छापलेले असते. पाळणारा मात्र कोणी नसतो.

इतर भागांचे थोडक्यात सांगतो. ऑइल फिल्टरचा पत्र्याचा डबा बाहेरून कोणालाही हुबेहूब करता येतो. परंतु आतील घडीचा कागद, तो तुंबला असता तेलाला वाट करून देणारी झडप आणि इंजिन बंद असताना तेल मागे ओघळू न देणारे रबर, ही डबा कापल्यावाचून दिसत नाहीत. चाकाच्या बेअरिंगचा प्रकार आणखी चमत्कारिक. वापरलेले जुने बेअरिंग घासून, चकचकीत करून, त्यावर नामांकित कारखान्याचे नाव कोरले की ते नवे म्हणून उभे राहते. अपघातात रक्षण करणाऱ्या हवेच्या पिशव्याही यातून सुटलेल्या नाहीत. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग-सुरक्षा प्रशासनाने नकली एअरबॅगांविषयी जाहीर इशारा दिला होता. तपासणीत काही पिशव्या उघडल्याच नाहीत, तर काहींतून धातूचे तुकडे उडाले. जी वस्तू आयुष्यात एकदाच, एका निमिषात, उपयोगी पडावयाची, तिच्या खोटेपणाचा पत्ता त्याच निमिषात लागतो, आणि तेव्हा पत्ता लागून उपयोग नसतो.

लहानशा भागाने केवढा अनर्थ होतो याचा दाखला विमानविद्येत नोंदलेला आहे. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ऑस्लोहून हॅम्बुर्गला निघालेले एक प्रवासी विमान डेन्मार्कच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात कोसळले आणि आतील ५५ माणसांपैकी एकही वाचले नाही. शेपटीचा उभा पंख जोडणाऱ्या बोल्टांपैकी काही ठरलेल्या प्रमाणाचे नव्हते, त्यांचे पोलाद हवे तितके कणखर नव्हते, असे चौकशीअंती दिसून आले. जेथे प्रत्येक भागाची कागदोपत्री नोंद ठेवण्याचा दंडक आहे त्या क्षेत्रात हे घडू शकते. मग आपल्या अंगणातल्या गाडीचे काय सांगावे!

तेव्हा दोष कोणाचा? बनवणाऱ्याचा, हे उत्तर सोपे आहे आणि खरेही आहे. आपल्या प्राचीनांनी त्याविषयी संदिग्धता ठेवलेली नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात ‘कंटकशोधन’ या प्रकरणातच व्यापाऱ्यांच्या लबाडीचा विचार केला आहे. म्हणजे असा व्यापारी हा समाजाच्या पायातील काटाच होय, अशी त्याची दृष्टी. लाकूड, लोखंड, रत्ने अशा वस्तू हलक्या असून उत्तम म्हणून विकणाऱ्यास त्याने किमतीच्या आठपट दंड सांगितला आहे. मनुस्मृतीनेही एका वस्तूत दुसरी मिसळून, सदोष वस्तू निर्दोष म्हणून, किंवा दोष झाकून विकण्यास मनाई केली आहे. आजचा कायदाही कठोर आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमान्वये खोटे चिन्ह लावणाऱ्यास आणि तसा माल विकणाऱ्यास निदान सहा महिन्यांची व जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाप्रमाणे नकली मालाने ग्राहकाचा मृत्यू झाल्यास तो बनवणाऱ्यास वा विकणाऱ्यास सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे.

परंतु या कायद्यात एक जागा अशी आहे की, ती वकिलापेक्षा विचारवंताने अधिक लक्षपूर्वक वाचावी. खोट्या चिन्हाचा माल विकताना सापडलेला दुकानदार निर्दोष ठरू शकतो, पण त्यासाठी त्याने पुढील तीन गोष्टींपैकी एक तरी दाखवावी लागते. आपण सर्व वाजवी खबरदारी घेतली होती आणि संशयास कारण नव्हते, ही पहिली. माल कोणाकडून आला ते विचारताच आपण जे ठाऊक होते ते सांगितले, ही दुसरी. किंवा अन्यथा आपले वर्तन निष्कपट होते, ही तिसरी. म्हणजे ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे म्हणून सुटका होत नाही. ठाऊक करून घेण्यासाठी तू काय केलेस, हे कायदा विचारतो. अज्ञान हे निरागस असू शकते, आणि तेच अज्ञान जोपासलेलेही असू शकते. या दोहोंतील भेद कायद्याने ओळखला आहे.

स्वतःच्या गाडीसाठी भाग विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र हा कायदा शिक्षा सांगत नाही. आणि जेथे कायदा थांबतो, नेमका तेथेच आपला प्रश्न सुरू होतो. समजा, एका नामांकित भागाची किंमत दोन हजार आहे आणि तोच भाग त्याच नावाच्या खोक्यात सातशेला मिळतो. गिऱ्हाईक भाव विचारते, हमी किती दिवसांची ते विचारते. पण ‘एवढा स्वस्त का?’ हे विचारत नाही. पावतीही मागत नाही, कारण पावती मागितली तर दुकानदार काय सांगेल याची त्याला अंधुक कल्पना असते. त्याला ठाऊक नाही, हे खरे. पण ठाऊक होऊ नये अशी व्यवस्था त्यानेच केली आहे, हेही तितकेच खरे. दुकानदाराला लावलेली कसोटी त्याला लावली, तर तो कितपत उतरेल? न जाणणे हा एक वेळ दैवाचा भाग असेल, पण न जाणून घेणे हा निश्चय असतो, आणि निश्चयाचा जाब द्यावा लागतो.

याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात, आणि ते सगळेच उडवून लावण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप गरिबीचा. टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याने महागडे भाग कोठून आणावेत? कंपन्यांनीच किमती भरमसाट ठेवल्या, तर माणूस आडवाटेने जाणारच. या म्हणण्यात तथ्य आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो याच कारणासाठी की, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना सहजी मिळू नये अशी त्यांची व्यवस्था होती. प्रकरण पुढे अपिलात गेले. परंतु तक्रार निराधार नव्हती एवढे त्यातून स्पष्ट झाले. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जे दालन उघडले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. तेव्हा बलवानाने गैरफायदा घेतला हे मान्य. परंतु त्यावरचा उपाय म्हणून लबाडाला पोसणे कसे योग्य ठरते? गरिबाला उपलब्ध असलेला प्रामाणिक मार्ग म्हणजे आपल्या खऱ्या नावाने विकला जाणारा पर्यायी भाग. आणि नकली माल सर्वांत आधी गळा दाबतो तो याच प्रामाणिक, लहान कारखानदाराचा. मोठ्या कंपनीला तोटा होतो, पण ती जगते. उद्यमबागेसारख्या वसाहतीत पाच-पन्नास माणसांना घेऊन स्वतःच्या नावाने भाग बनवणारा मात्र दुसऱ्याच्या चोरलेल्या नावापुढे टिकू शकत नाही. गरिबीच्या नावाने केलेली ही खरेदी शेवटी गरिबाच्याच रोजगारावर येते.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. गाडी माझी, पैसा माझा, जीवही माझा. धोका पत्करला तर इतरांनी का बोलावे? हा युक्तिवाद एकट्याने निर्जन माळावर गाडी हाकणाऱ्याला शोभेल. रस्ता ही सामाईक जागा आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत पादचारीच ३२ हजारांहून अधिक होते. या मृत्यूंचे कारण नकली भाग होते असे मुळीच नव्हे. सर्वाधिक दोष अतिवेगाकडे जातो. आकडा सांगण्याचा हेतू निराळा आहे. रस्त्यावरील चुकीची किंमत चूक करणाराच देतो असे नाही; पुष्कळदा ती असा कोणी देतो की, ज्याचा त्या गाडीशी, त्या दुकानाशी, त्या सातशे रुपयांशी कसलाही संबंध नव्हता. शाळेपुढचा रस्ता ओलांडणारे पोर आपल्या ब्रेकवर विश्वास ठेवूनच पाऊल टाकते. त्याने आपल्याशी कोणताही करार केलेला नसतो, आणि म्हणूनच त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य सर्वांत मोठे असते.

तिसरा आक्षेप क्षुल्लकतेचा. काच पुसणाऱ्या रबराच्या पट्टीत काय मोठे अडले आहे? धोक्याच्या दृष्टीने ब्रेक आणि ती पट्टी एक नव्हेत, हे कबूल केलेच पाहिजे. भर पावसात घाट चढताना तीही क्षुल्लक राहत नाही, ही गोष्ट वेगळी. परंतु लहान वस्तूत सोडलेली सवय मोठ्या वस्तूत आपोआप हाती येत नाही. पावती मागण्याची, भाग क्रमांक जुळवून पाहण्याची, ‘एवढा स्वस्त का?’ असे विचारण्याची जीभ ज्याने शंभर रुपयांच्या वस्तूत वापरली नाही, ती पाच हजारांच्या वस्तूत ऐनवेळी अडखळते.

महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधाराची कथा आहे. जाजलि नावाचा तपस्वी, ज्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले तरी तो हलला नाही, त्याला आपल्या तपाचा अभिमान झाला. तेव्हा त्याला वाराणसीच्या एका दुकानदाराकडे धर्म शिकण्यास जावे लागले. त्या दुकानदाराचे मोठेपण कशात होते? त्याचा तराजू सर्वांना सारखा होता, आणि त्याच्यापासून कोणत्याही प्राण्याला भय नव्हते. व्यापार हेच ज्याचे तप झाले, अशा माणसापुढे अरण्यातले तप फिके पडले. या कथेचा अर्थ केवळ दुकानदारापुरता घेऊ नये. तराजूची दोन पारडी असतात. एकीकडे विकणारा, तर दुसरीकडे घेणारा. घेणाऱ्याने आपल्या पारड्यात लोभ टाकला, तर विकणाऱ्याचा हात स्थिर असूनही काटा ढळतो. प्रत्येक नकली भाग बनण्यापूर्वी कोणीतरी तो मागितलेला असतो. आपलेच नाणे खोटे असेल, तर सराफाला बोल कसा लावावा?

मग घरच्या घरी गाडी सांभाळणाऱ्याने करावे काय? फार काही नाही. भाग पावतीवरच घ्यावा. खोक्यावरील भाग क्रमांक गाडीच्या पुस्तिकेशी जुळवून पाहावा. छपाई पुसट असेल, नावाच्या अक्षरांत चूक असेल, बनवल्याची तारीख वा तुकडीचा क्रमांक नसेल, तर तो भाग परत करावा. अनेक कारखाने खोक्यावर जी पडताळणीची खूण छापतात ती तपासून पाहण्यास दोन मिनिटे लागतात. ब्रेक, सुकाणू, चाके आणि हवेच्या पिशव्या यांच्या बाबतीत खात्री नसेल, तर स्वतःचा हात आवरावा आणि जाणत्या मिस्त्रीला बोलवावे. स्वावलंबनाचा अभिमान जिवापेक्षा मोठा नव्हे. पैसे कमी असतील, तर दुसऱ्या कारखान्याचा साधा पण आपल्या खऱ्या नावाचा भाग निःसंकोच घ्यावा. फसवणूक झाल्याचे कळले, तर गप्प न बसता १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर कळवावे, कारण आपण झाकलेली फसवणूक उद्या शेजाऱ्याच्या दारी जाते. आणि एक गोष्ट, जी फार थोडे करतात: खऱ्या भागाचे रिकामे खोके फाडून टाकावे, तेलाचा रिकामा डबा भोक पाडून भंगारात द्यावा. अखंड खोके रद्दीत गेले की त्यात उद्या खोटा माल भरला जातो. म्हणजे खऱ्या मालाचे गिऱ्हाईकही अजाणता खोट्याला अंगरखा पुरवीत असते.

खंडेनवमीला आपण हत्यारे, यंत्रे आणि वाहने पुसूनपासून ओळीने मांडतो, त्यांना हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. या पूजेच्या मुळाशी एक साधी भावना आहे: ज्याच्या आधारावर आपण जगतो, त्याच्याशी कृतज्ञतेने आणि सचोटीने वागावे. बाहेरून माळ आणि आतून चोरलेल्या नावाचा पॅड, असे वाहन उभे केले, तर पूजा कोणाची झाली? यंदा माळ घालण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या गाडीच्या गेल्या वर्षातील पावत्या एकदा काढून पाहाव्यात. ज्या भागाची पावती सापडणार नाही, तो कोठून आला, हा प्रश्न शांतपणे स्वतःलाच विचारावा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर तो भाग घाटात उतरण्यापूर्वी बदलावा. एवढे केले तरी वाहनपूजेचे पुष्कळसे सार्थक झाले, असे समजावयास हरकत नाही.